मळणीत न लागणारी धाप : बेळगावच्या एका फौंड्री कामगाराच्या दम्याचे निदान

हे प्रकरण एका विशिष्ट माणसाचे नाही. रेझीन (चिकट राळ) मिसळलेल्या वाळूवर काम करणाऱ्या कामगारांत दमा ज्या क्रमाने पुढे येतो आणि ज्या ठिकाणी निदान चुकते, त्यावरून ते जुळवले आहे. आकडे समजावून सांगण्यासाठी निवडलेले आहेत, पण अशा रुग्णाच्या श्वासाच्या नोंदवहीत ते साधारण असेच दिसतात.

रुग्ण ३४ वर्षांचा, उंची १६८ सेंटिमीटर, बेळगाव तालुक्यातल्या भातशेतीच्या गावातला. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सहा वर्षे कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यात आतली पोकळी ठेवणारे वाळूचे ठोकळे (कोअर) बनवण्याच्या विभागात कामाला, ठेकेदारामार्फत. पहिली पाळी, सकाळी ७ ते दुपारी ३. विडी-सिगारेट कधीच नाही. आठ महिन्यांपासून कोरडा खोकला, संध्याकाळी छाती आवळल्यासारखी होणे आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग आणणारी उबळ. छातीतून सूं-सूं आवाज येतो हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते, बायकोने सांगितले.

तोवर तीन डॉक्टर झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचे औषध, अँटिबायोटिक आणि अधूनमधून इंजेक्शन दिले. इंजेक्शनने चार-पाच दिवस बरे वाटे. शहरातल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला नाही. मिरजेला नातेवाइकांकडे गेला असता तिथे रक्त तपासून ‘धुळीची ॲलर्जी’ असे सांगितले गेले आणि ब्युडेसोनाइड या श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचा पंप लिहून दिला. तो पंप त्याने मनाला येईल तसा घेतला, कारण घरच्यांचे म्हणणे, एकदा पंप लागला की सुटत नाही. कागद तीन ठिकाणचे, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. एकाही कागदावर त्याचे काम काय आहे ते लिहिलेले नव्हते.

कामाबद्दल विचारल्यावर त्याचे उत्तर असे : “कामावर काय होत न्हाई की डॉक्टर. घरी आल्यावरच सुरू होतंय. घरातल्या चुलीच्या धुरानंच होत असणार.”

या उत्तराने बहुतेक वेळा कामाचा विषय तिथेच बंद होतो, आणि इथेच निदान हातातून निसटते. काही रसायनांनी होणारा दमा श्वासात रसायन गेल्याबरोबर उठत नाही. चार ते आठ तासांनी उठतो आणि रात्रभर टिकतो. सकाळी सातला रसायन श्वासात गेले तर त्रास दुपारनंतर, म्हणजे माणूस घरी पोचल्यावर. त्यामुळे ‘कामावर त्रास होतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचे ते असे : ‘सुट्टीच्या दिवशी कसे असते? चार-आठ दिवस गावी राहिलात तर?’ या दोन प्रश्नांना त्याने क्षणभर थांबून उत्तर दिले. गणपतीच्या सुट्टीत एकाही रात्री जाग आली नव्हती.

कोअर शॉपमध्ये नेमके काय बदलले

पुढचा प्रश्न, त्रास सुरू होण्याआधीच्या एक-दोन वर्षांत कामात काय नवे आले. पूर्वी तिथे सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडून कोअर घट्ट करत. वीस महिन्यांपूर्वी नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणारे रेझीन आले आणि एक कोल्ड बॉक्स मशीनही बसले. नो-बेकमध्ये तीन द्रव असतात : ‘पार्ट वन’ म्हणजे फिनॉलिक रेझीन, ‘पार्ट टू’ म्हणजे आयसोसायनेट, आणि घट्ट होण्याला वेग देणारा कॅटॅलिस्ट. कोल्ड बॉक्समध्ये द्रव कॅटॅलिस्टऐवजी अमाइनचा वायू सोडतात. कामगार त्यांना पार्ट वन, पार्ट टू एवढ्याच नावाने ओळखतात. त्याला पार्ट टूच्या ड्रमवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगितले. त्यावर डायफिनाइलमिथेन डायआयसोसायनेट, म्हणजे एमडीआय, आणि ९०१६-८७-९ हा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, होता. लेबलवरची भाषा कळली नाही तरी हा क्रमांक सगळीकडे एकच असतो, म्हणून क्रमांक टिपून आणणे सर्वांत सोपे.

एमडीआय हा दम्याचा पक्का माहीत असलेला कारक आहे. तो शरीराला आधी ‘ओळखीचा’ होतो, म्हणजे शरीर त्याला प्रतिक्रिया देऊ लागते, आणि त्याला काही महिने ते काही वर्षे लागतात. एकदा ओळख झाली की मग अगदी किरकोळ मात्राही पुरते. हवेतली त्याची मर्यादा ०.००५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एका भागाचा दोनशेवा हिस्सा धरली जाते, आणि त्या पातळीला त्याचा वास येत नाही. ‘वास येत नाही म्हणजे हवा चांगली’ हा अंदाज इथे उपयोगाचा नाही. कातडीवर पडूनही ही ओळख होऊ शकते. हा कामगार मिक्सरमधली ओली वाळू हातमोज्यांशिवाय कोअर बॉक्समध्ये भरत होता.

आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली : पाळी संपताना दिव्यांभोवती वलय दिसते, नजर धुरकट होते. हे कोल्ड बॉक्सच्या अमाइनचे लक्षण आहे, डोळ्यांच्या बुबुळावरच्या परिणामाचे. दमा त्याने झाला असे नाही, पण कोअर शॉपमधली हवा बाहेर जात नाही हे त्यावरून नक्की कळते. चष्म्याचा नंबर तपासण्यात असे कामगार पैसे घालवतात.

पहिली स्पायरोमेट्री आणि तिने केलेली दिशाभूल

स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून फुप्फुसातली हवा मोजण्याची चाचणी. पहिली चाचणी गणपतीच्या सात दिवसांच्या सुट्टीनंतर लगेच झाली. पहिल्या सेकंदात बाहेर फेकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, ३.०२ लिटर, अपेक्षेच्या ९४ टक्के. एकूण फुंकलेली हवा, एफव्हीसी, ३.८६ लिटर. दोन्हींचे गुणोत्तर ७८ टक्के. या वयात ते ७५ टक्क्यांच्या वर असावे, म्हणजे ठीक. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम (१०० चे चार फवारे, स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले : ३.१४ लिटर. वाढ १२० मि.लि., चार टक्के. रिपोर्टवर छापून आले, ‘नॉर्मल’.

हा रिपोर्ट खोटा नव्हता, त्या दिवसापुरता खराच होता. पण दम्याची श्वासनलिका रोज आवळलेली नसते. सात दिवस रसायनापासून दूर, वर तीन दिवसांपूर्वीपर्यंत चालू असलेली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी. अशा अवस्थेत चाचणी बिघडलेली येणेच अवघड. नॉर्मल स्पायरोमेट्रीने दमा नाही असे ठरत नाही, एवढेच ठरते की आज नळ्या मोकळ्या आहेत. स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि गोळ्या यांचा त्रास उपचारापेक्षा निदानाला जास्त होतो, कारण त्या नेमका तोच फरक पुसून टाकतात जो मोजायचा असतो.

दुसरी चाचणी मुद्दाम कामाच्या आठवड्याच्या शेवटाकडे ठेवली, शुक्रवारी दुपारी साडेचारला, पाळी संपवून थेट. त्या दिवशी सकाळपासून साल्ब्युटामॉल घ्यायचे नाही (किमान चार ते सहा तास), श्वासनळ्या मोकळ्या करणारी थिओफायलिन गटाची गोळी आदल्या दिवसापासून बंद, असे लिहून दिले होते. एफईव्ही-१ २.३४ लिटर, अपेक्षेच्या ७३ टक्के. एफव्हीसी ३.६२. गुणोत्तर ६५. फवाऱ्यांनंतर एफईव्ही-१ २.८० लिटर, म्हणजे ४६० मि.लि. आणि जवळजवळ २० टक्के वाढ. निकष आहे १२ टक्के आणि २०० मि.लि., दोन्ही एकदम. दमा सिद्ध झाला.

चाचणीच्या दर्जाबद्दल थोडे, कारण सीमाभागातल्या लहान लॅबमध्ये इथेच गोंधळ होतो. किमान तीन चांगल्या फुंकी लागतात, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकींत १५० मि.लि. पेक्षा जास्त अंतर नको. फुंक पहिल्या क्षणापासून जोरात हवी आणि हवा संपेपर्यंत चालू हवी; ‘अजून, अजून, अजून’ असे रुग्णाच्या भाषेत ओरडून सांगणारा माणूस समोर हवा. मराठी रुग्णाला कन्नडमध्ये आणि कन्नड रुग्णाला इंग्रजीत सूचना दिल्या की फुंक अर्ध्यात सुटते, एफव्हीसी कमी येते, आणि मग गुणोत्तर उगाच चांगले दिसते. रिपोर्टवर आलेख छापलेला नसेल तर तो मागून घ्यावा. नुसत्या आकड्यांवरून फुंक चांगली होती की नाही ते कळत नाही.

जे जे असू शकले असते

फौंड्रीतला कामगार, खोकला, धाप. वाळूच्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस आधी मनात यायला हवा. पण सिलिकोसिसची धाप हळूहळू वाढते आणि सुट्टीत कमी होत नाही, एक्स-रेवर वरच्या भागात बारीक गाठी दिसतात. इथे एक्स-रे स्वच्छ होता. तरी एक्स-रे जपून ठेवायला सांगितले, दहा वर्षांनी तुलनेला तो लागेल.

रात्रीचा कोरडा खोकला आपल्याकडे हत्तीरोगाच्या जंतूमुळेही होतो. त्यात रक्तातल्या इओसिनोफिल पेशी दर मायक्रोलिटरमागे ३००० च्या वर जातात. कलबुर्गी, यादगीरकडून कामाला आलेल्या मजुरांत हे विसरून चालत नाही. या रुग्णाच्या ३८० होत्या. हृदयाच्या झडपेच्या आजारात रात्री धाप लागते, पण ती आडवे झाल्यावर वाढते आणि उठून बसल्यावर उतरते. स्टेथोस्कोपने हृदय ऐकले, ठीक होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खोकला येतो, तो अशी कोणतीही गोळी घेत नव्हता. रक्तातले आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेले प्रतिपिंड, थोडे वाढलेले होते. त्यावरून ‘धुळीची ॲलर्जी’ ठरवली गेली होती, पण आयजीई वाढलेले अनेक निरोगी लोकांतही सापडते, आणि आयसोसायनेटच्या दम्यात ते बऱ्याचदा वाढतही नाही.

वही

दमा आहे हे कळले. तो कामामुळे आहे हे अजून सिद्ध व्हायचे होते, आणि त्यासाठी पीक फ्लो मीटर हे फुंकेचा सर्वाधिक वेग मोजणारे काही शे रुपयांचे प्लास्टिकचे साधन कोणत्याही महागड्या रक्त तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पद्धत अशी. उभे राहायचे, काटा शून्यावर आणायचा, छाती पूर्ण भरून घ्यायची, ओठ नळीवर घट्ट, आणि एकच झटक्याची फुंक. लांब नव्हे, जोराची. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तिन्हींत ४० पेक्षा जास्त अंतर असेल तर पुन्हा. दिवसातून चार वेळा : उठल्यावर साडेपाचला, कामावर अकराला, घरी आल्यावर चारला, झोपताना साडेनऊला. मीटर शेवटपर्यंत एकच; दुसऱ्या कंपनीचे मीटर मध्येच घेतले तर वही वाया जाते. आकड्यासमोर खरी वेळ, त्या दिवशी काय काम केले, आणि फवारा घेतला असल्यास तो कधी. फवारा घ्यायचा असेल तर आधी फुंक, मग फवारा. किमान चार आठवडे, त्यात सुट्टीचे सलग दिवस हवेतच.

वहीच्या काळात ब्युडेसोनाइड सकाळ-संध्याकाळ २०० मायक्रोग्रॅम ठरवून ठेवले, न वाढवता न कमी करता. औषध मध्येच बदलले तर फरक कामाचा की औषधाचा ते कळत नाही. आणि एक मर्यादा लाल शाईने लिहून दिली : आकडा २५० च्या खाली गेला किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर वही बाजूला ठेवायची आणि थेट दवाखाना. त्रास आधीच तीव्र असता तर ही वही केलीच नसती.

दुसऱ्या आठवड्याची पाने, लिटर प्रति मिनिट :

सोमवार, काम : ४३०, ४४०, ४१०, ३७०
गुरुवार, काम : ३६०, ३८०, ३४०, ३००
शनिवार, काम : ३४०, ३५०, ३२०, २९०
रविवार, सुट्टी : ३२०, ३६०, ३९०, ४२०

दिवसाचा फरक काढायचा तो असा : मोठ्यातून लहान वजा, भागिले त्या दोघांची सरासरी. गुरुवारी ३८० उणे ३०० म्हणजे ८०, भागिले ३४०, साडेतेवीस टक्के. प्रौढात दोन आठवड्यांची सरासरी दहा टक्क्यांवर गेली तर दम्याला पुष्टी मिळते. पण इथे टक्क्यांपेक्षा दिशा महत्त्वाची. कामाच्या दिवशी आकडा सकाळपेक्षा रात्री कमी; सोमवार ते शनिवार रोज थोडा आणखी खाली; रविवारी टक्केवारी सर्वांत जास्त, २७, पण उलट दिशेने, चढती. फक्त टक्केवारी पाहणाऱ्याला रविवार सर्वांत वाईट दिवस वाटेल. म्हणून आकडे आलेखाच्या कागदावर मांडावेत आणि कामाचे दिवस वेगळ्या रंगाने रंगवावेत. हेही दिसले की एक रविवार पुरत नाही. ४२० ही त्याची खरी पातळी नव्हतीच.

नोव्हेंबरात सुगी आली. त्याने बारा दिवसांची रजा काढली, आणि वही थांबवू नको असे बजावून सांगितले होते. भात कापणी, मग मळणी. अंगावर तूस, हवेत पाचोळ्याची धूळ, आणि घरातल्या न्हाणीतली चूल रोजच्यासारखीच पेटलेली. धुळीची ॲलर्जी असती तर या बारा दिवसांत त्याचे हाल व्हायला हवे होते. बाराव्या दिवसाची नोंद : ५००, ५१०, ५१०, ५००. पहाटेची उबळ पाचव्या रात्रीपासून बंद.

कामावर परतल्याचा पहिला दिवस : ५००, ५००, ४६०, ४२०. तिसरा दिवस : ४००, ४१०, ३७०, ३२०. इथे वही थांबवली. याहून जास्त पुरावा गोळा करण्यासाठी माणसाला रसायनात ठेवणे योग्य नव्हते. रसायन मुद्दाम हुंगवून पाहण्याची चाचणी असते, पण ती फक्त विशेष केंद्रात, देखरेखीखाली करतात. फौंड्रीत किंवा घरी ‘वास घेऊन बघ’ असे कोणालाही सांगू नये, अशा प्रयोगात जीव जाऊ शकतो.

वह्या खोट्याही असतात. दवाखान्यात यायच्या आदल्या रात्री एका बसणीत लिहिलेली वही ओळखू येते : एकच पेन, सगळ्या वेळा नेमक्या, आकडे ४००, ४००, ४२०, ४००. अशा वेळी रागावण्यात अर्थ नाही. पाळीच्या कामगाराला अकराची फुंक जमत नसेल तर वेळ बदलून द्यावी.

उपचार, आणि कामाचा प्रश्न

औषध सोपे होते : ब्युडेसोनाइड २०० आणि श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारे फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमचा एकत्र पंप, सकाळ-संध्याकाळ एक-एक आणि त्रास झाला तर त्याच पंपाचा आणखी एक, दिवसात एकूण बारापेक्षा जास्त नाही. घेतल्यावर चूळ भरून थुंकायचे. पंपाच्या भीतीवर आकडा दाखवला तर पटते : साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम सगळ्या अंगात, फवारा १०० मायक्रोग्रॅम, थेट छातीत. मोठा झटका आला तर स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा फवारे, दर वीस मिनिटांनी, पहिल्या तासात, आणि त्याच वेळी १०८ ला फोन.

पण पंप घेऊन त्याच जागी काम करणे हा उपचार नव्हे. संपर्क चालू राहिला तर दमा कायमचा होतो, आणि जितक्या उशिरा माणूस बाहेर पडतो तितका तो पूर्ण बरा होण्याचा संभव कमी. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्कही ओळख झालेल्या माणसाला पुरेसा धरत नाहीत. जागा बदलणे हाच मार्ग.

ठेकेदाराने आधी पेंटिंगचा विभाग सुचवला. हे होऊ दिले नाही, कारण दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेटच असते, फक्त दुसऱ्या प्रकारचे. ओतकामाजवळची जागाही नको, तापलेल्या धातूने रेझीन जळताना तेच वायू निघतात. शेवटी वेगळ्या शेडमधल्या डिस्पॅचमध्ये बदली झाली. त्याच्या प्रमाणपत्रावर नुसते ‘दमा’ न लिहिता ‘कामातील आयसोसायनेटमुळे झालेला दमा’ असे लिहिले, सोबत दोन्ही स्पायरोमेट्री, वहीची पाने आणि ड्रमच्या लेबलचा फोटो जोडला. कामातल्या संवेदक (शरीराला अशी ‘ओळख’ होणाऱ्या) पदार्थांनी होणारा दमा कायद्याने मान्य केलेल्या व्यावसायिक आजारांत येतो, पण कागदावर कारण नसेल तर दावा उभाच राहत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराने आपला विमा क्रमांक चालू आहे का, हप्ते भरले जातात का, हे प्रमाणपत्र काढण्याआधीच पाहून घ्यावे.

कोअर शॉपसाठी लिहून दिलेल्या गोष्टी : मिक्सर आणि कोअर बॉक्सजवळच हवा ओढणारे हूड, अमाइनसाठी आम्लाचा स्क्रबर (वायू धुऊन काढणारे यंत्र), पार्ट टू बादलीने न ओतता बंद नळीने, नायट्राइलचे हातमोजे, आणि हात थिनरने धुणे बंद. पार्ट टूच्या रिकाम्या ड्रममध्ये पाणी टाकून झाकण घट्ट लावू नये. पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ड्रम फुटतो.

सहा महिन्यांनंतर एफईव्ही-१ २.९६ लिटर, फवाऱ्यांनंतर ३.१०. पीक फ्लो ४८० ते ५०० च्या दरम्यान. रात्रीची जाग नाही. जिना झपाट्याने चढला किंवा उग्र वास आला की खोकला अजून येतो, म्हणून पंप चालू आहे. मात्रा कमी करायचा विचार आणखी तीन महिने अशाच नोंदी आल्यावर.

त्याच कोअर शॉपमधल्या आणखी दोघांना खोकला होता. दोघांनाही मीटर आणि वही दिली. एकाचा आलेख याच्यासारखाच, कामाच्या दिवशी उतरता निघाला आणि त्याच्या बदलीचे कागद केले. दुसऱ्याच्या वहीत काम आणि सुट्टी यांत काहीच फरक आला नाही. त्याचा खोकला छातीत जळजळ होणाऱ्या पित्ताचा ठरला, आणि तो रात्रीचे जेवण लवकर घेऊ लागल्यावर कमी झाला. एमडीआयशी ओळख होण्याचा धोका त्यालाही आहेच, म्हणून त्याची स्पायरोमेट्री आता दरवर्षी, आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, पाळी संपल्यावर ठरवली आहे.